अर्धा वाटा

देवरुखच्या पोस्टात शिक्के मारता मारता हेमलताची मळमळ एकदम थांबली. कोल्हापूरच्या इस्पितळात नवऱ्याची, अनंताची केमो चालू असली की त्याच्या त्रासाचा अर्धा वाटा मनगटावरच्या पट्टीतून तिच्या अंगात यायचा. रविवारी एसटीने जाऊन भेटायची. एरवीची सोबत या पट्टीचीच. घाबरून तिने फोन लावला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं. मीच पट्टी बंद करायला सांगितली. किती वाळलीस! आता पोटभर जेव."

"मला विचारायचं तरी!"

"तू हो म्हणाली नसतीस."

दुपारी तिला चार महिन्यांनी कडकडून भूक लागली. डबा तिने शेवटच्या घासापर्यंत संपवला. अंगात कुठेच काही होत नव्हतं, आणि तिकडे त्याला कसं होतंय, हे तिला आता कळत नव्हतं.