जुने चार टायर

"ताई, चारही टायर गेलेत," ऑइल बदलायला आलेल्या दक्षाला शोरूमचा सर्व्हिसवाला म्हणाला. तिच्या व्हॅनची चावी तो बोटात फिरवत होता. "मासळी घेऊन रोज तलासरीला जाता ना? हायवेवर एखादा फुटला तर?" बाकावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. वाकून टायर चाचपून दक्षा सरळ उभी राहिली. "बदला. पण जुने चारही व्हॅनमध्ये टाका." "जुने आम्ही देत नाही," तो म्हणाला. "निकामी झालेत ना? मग तुम्हाला कशाला हवेत? आगर गावात आमची होडी धक्क्याला घासते. तिच्या कडेला बांधीन." "अहो, एवढे चांगले टायर होडीला कोण बांधतं?" तो फटकन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दक्षाने हात पुढे केला. "मग गाडीलाच राहू देत. आण चावी."