वन्स मोअर

शामरावांनी कागद आधी वाचला नाही, तिथेच फसले. पण ती त्यांची जुनीच ऐट. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी मंडळाचं कविसंमेलन म्हटलं की स्वगत असो नाहीतर संवाद, कवीनं फक्त लिहायचं. वाचणार अध्यक्ष शामराव. तेही आयत्या वेळी, मंचावर उभं राहून. "आधी वाचून पाहिलं की गोडी जाते," म्हणायचे. आवाजच तसा होता मेल्याचा, भरल्या घागरीसारखा. त्या आवाजाच्या मापानंच पद्मिनीनं दोन महिने बसून कविता बेतली होती. चष्मा लावायची त्यांना लाज, म्हणून अक्षरंही मोठाली टाइप केली होती.

"स्वगत. शीर्षक, माळी. कवयित्री, आपली पद्मिनी," शामराव म्हणाले आणि खाकरून सुरू झाले.

"मी माळी. ही फुलं माझ्या हातची.
रोपं कोणी लावली, ते विचारू नका."

सभागृह डोलायला लागलं. नव्या रायपूरहून गाड्या काढून आलेली मंडळीसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. पद्मिनी पाण्याचा पेला धरून माईकपाशी उभी होती. तिची नजर पहिल्या रांगेवर होती. तिथे तिची माय बसली होती, कलावती, मांडीवर काठी आडवी टाकून.

"एक म्हातारी आली, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन.
म्हणाली, तेवढ्या चुका दुरुस्त करून द्या.
मी म्हणालो, ठेवून जा."

आवाज अडखळला. शामरावांनी मायकडे पाहिलं, मग पद्मिनीकडे.

कळलं ना आता, पद्मिनी मनात म्हणाली. मागच्या वर्षी याच मंचावर, मायच्याच कवितांच्या पुस्तकासाठी, याच माणसानं अंगावर सत्काराची शाल घेतली होती. माय खाली बसून टाळ्या वाजवत होती. बिचारीला वाटत होतं, आता तरी नाव घेतील. घेतलं नाही. आज पद्मिनीला तेवढंच हवं होतं: त्याच तोंडून, त्याच माईकवर, मायचं नाव.

पण माणूस पक्का. लगेच सावरला. आवाजात कंप आणला, रुमालानं डोळे टिपले आणि वाचत गेला.

"सहा महिने ती येत राहिली.
मी दारातच उभं ठेवलं, पाणीही विचारलं नाही.
मग वही पुस्तक होऊन आली, माझ्या नावानं."

एवढं वाचून त्यानं कागदाची घडी केली आणि मान खाली घातली. 'ती वही कलावतीची होती, मी चोरली' ही शेवटची ओळ सरळ गिळून टाकली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. "क्या ॲक्टिंग है सर की," मागून कोणीतरी म्हणालं. पद्मिनी मनात चरफडली. दोन महिने रक्त आटवून लिहिलं, आणि वरून वाहवा चोरालाच.

तेवढ्यात काठी फरशीवर आपटली.

"वन्स मोअर," माय म्हणाली.

लोक हसले, खूश झाले आणि सगळ्यांनीच उचलून धरलं. वन्स मोअर आला की मंडळात कोणी नाही म्हणायचं नाही, हा नियमही शामरावांनीच घातलेला. ते कसनुसं हसत पुन्हा माईकपाशी आले.

"अन् या खेपेले शेवटची ओळ खाऊ नका, शामराव," माय बसल्या जागेवरून म्हणाली. "ते मीच सांगितली होती पोट्टीले. मले पाठ आहे. तुम्ही नाही वाचली तर मी म्हणून टाकीन."

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतले लोक मायकडे बघायला लागले, मग हळूहळू सगळेच शामरावांकडे. त्यांनी घडी उघडली. कागद मिटायची सोय आता राहिली नव्हती. ओठ हलले, पण त्या घागरीतून थेंबभर आवाज निघेना. त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला.

पद्मिनीनं पेला मागे घेतला.

"आधी ओळ, सर," ती म्हणाली. "पाणी मग."