थेंबाथेंबानं

"थांब पोरी! थेट आत यायचं नाही," सासरे दारात आडवे उभे राहिले. नव्या सुनेनं उचललेला पाय तसाच मागे घेतला. हातात बॅग, शेजारी सकाळीच नोंदणी कार्यालयात सह्या करून झालेला नवरा.

जिन्याच्या चौकात खुर्ची मांडून ठेवली होती. जवळ पाण्याची बाटली आणि एक जुनं मासिक. "बस इथं. तीन तास लागतील. घाई केली की संपलं."

नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. सासरे नळदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले आणि गेली वीस वर्षं काचेच्या टाकीत कोळंब्या पाळणारे. खायच्या नव्हेत हो, पाळायच्या! लाल, नखाएवढ्या. नवी कोळंबी आणली की तिच्या पिशवीत ते बारीक नळीनं टाकीतलं पाणी तीन तास थेंबाथेंबानं सोडत. एकदम नवं पाणी अंगावर आलं तर बिचारीचा रंग उतरतो आणि ती दगावते. आणि निवडायची कशी, तर सतत काहीतरी वेचत फिरणारी. ही मुलगी पहिल्यांदा घरी आली तेव्हा बोलता बोलता सोफ्याचे सुटलेले धागे वेचत होती. ते तेव्हाच म्हणाले होते, "ही टिकेल."

"बाबा, ती माणूस आहे!" नवरा ओरडला.

"मोठी सूनही माणूसच होती. तिला थेट आत घेतलं, तुम्ही सगळे एकदम अंगावर गेलात आणि नवव्या दिवशी ती गेली. तुझा भाऊही गेला. दोन वर्षांत एक फोन नाही." सासऱ्यांनी खुर्ची पुसून सरळ केली. "हिला मला गमवायचं नाहीये रे."

झालं सुरू. अर्ध्या तासाला एक माणूस बाहेर सोडायचा. आधी आजोबा, कारण त्यांना ऐकू येत नाही आणि सुरुवात सौम्य हवी. त्यांनी एक चिठ्ठी लिहून सुनेच्या हातात कोंबली. मग आत्या आली, मग नणंद, मग धाकटा दीर. प्रत्येक जण अगदी कानाशी लागून बोलत होता. सासरे घड्याळ धरून दारात उभे होते आणि मनातून खूश होते. एरवी घसा फाडणारी माणसं किती हळू बोलतायत! वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरताना थबकली आणि म्हणाली, "डॉक्टर बसायला लागलेत का इथं? कितवा नंबर चाललाय?"

शेवटी सासूबाई आल्या. त्यांनी आधी दाराकडे बघितलं.

"मोठीला आम्ही काही म्हणजे काही केलं नव्हतं गं," त्या कुजबुजल्या. "तिनं स्वयंपाकघरात झुरळांवर फवारा मारला. यांच्या चाळीस कोळंब्या मेल्या. तिला बिचारीला काय ठाऊक? हे आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. समोरून आली की तोंड फिरवायचे. वर म्हणतात, आम्ही घालवली!"

अडीच तास भरले. शेवटचा अर्धा तास सासऱ्यांचा स्वतःचा होता. ते हात चोळत पुढे आले.

"छान चाललंय. रंग उतरलेला नाही तुझा. काय म्हणाले सगळे?"

"पाचही जणांनी एकच सांगितलं, बाबा. चाळीस कोळंब्यांचं."

सासऱ्यांनी मागे वळून बघितलं. दारात पाचही जण उभे होते आणि एकही त्यांच्याकडे बघत नव्हता. नवरा तर चपलेचा पट्टा नीट करत बसला होता.

सून उठली. तिनं त्यांचे खांदे धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बॅग उचलून आत पाय टाकला.

"मी जाऊबाईंना फोन लावते. त्या आल्या की तुम्हाला आत घेऊ, बाबा. पण एकदम नाही हं. तुम्ही त्यांना झेपायला हवेत."