पुन्हा सातवी

निकालाच्या दिवशी केतकी हसत शाळेबाहेर आली, तेव्हाच शालनने निकाल ओळखला. नापास झालेलीच मुलं अशी हसत येत. त्यांच्या डोक्यातून ते सबंध वर्ष शाळेतच पुसून टाकलेलं असे, म्हणजे पुन्हा त्याच वर्गात बसायची लाज वाटत नसे.

"आई, आता मी सातवीत ना?" केतकीने विचारलं. "पण माझा फ्रॉक इतका आखूड कसा झाला?"

वर्गशिक्षिका कातुरेबाईंनी शालनला बाजूला घेतलं. "आधी नापास झाली तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही तिला घरी नेऊन लगेच सांगून टाकलंत. मग ती वर्षभर रडते आणि पुन्हा नापास होते. यंदा परीक्षा होईपर्यंत गप्प राहा."

केतकीच्या पहिल्या सातवीतच वारलेल्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो शालनने सकाळीच उतरवून गाद्यांखाली ठेवला होता. दर निकालाला ती तेवढं करत असे.

संध्याकाळी केतकीने तीन ताटं मांडली. "पप्पा कधी येणार?"

शालन आमटी ढवळत राहिली. "बाहेरगावी मोठ्या कामावर गेलेत. तू पास झालीस की येतील."

"मग मी पहिला नंबरच काढते," केतकी म्हणाली आणि जेवण सोडून पुस्तक उघडून बसली.

शालनने तिसरं ताट उचलून ठेवलं. पोरगी यंदा पास होणार, हे तिला दिसत होतं. आणि पास झालेल्यांच्या डोक्यातलं काहीच पुसत नाहीत, आईने दिलेला शब्दसुद्धा.