तळ्याच्या बाजूची खोली

वहिनी पलंगाच्या कडेला बसून बूट काढायला वाकली आणि तशीच आडवी झाली. एक बूट पायात, एक फरशीवर.

“दोनच मिनिटं हं, वहिनी,” नणंद म्हणाली. “खाली गाइड थांबलाय.”

रात्रभर बसमध्ये अंग आंबलं होतं. घाट संपता संपत नव्हता. तीन जिने चढून आल्यावर नणंदेचेही गुडघे बोलायला लागले होते. पण खिडकीतून तळं दिसलं आणि ती जरा हुशारली. चहूकडे डोंगर, मधे पाणी, काठावर जुना राजवाडा, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. हे शहर बघायचं दादाच्या फार मनात होतं. सहा वर्षं अंथरुणाला खिळून चार महिन्यांपूर्वी तो गेला. मग नणंदेनंच हट्ट धरला, आपण दोघी तरी जाऊ.

दहा मिनिटांनी तिनं हाक मारली. मग खांदा हलवून बघितला. वहिनीनं नुसतं हूं केलं आणि कूस बदलली.

नणंदेला राग आला. एवढ्या लांब आलो ते काय घोरायला? एकच तर दिवस हाताशी. उद्या सकाळी परतीची बस.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

“आले, आले,” म्हणत वहिनी ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच. हात उशाशी काहीतरी चाचपडत होता. “पाणी देऊ का? की कुशीवर करू?”

नणंद जागच्या जागी उभी राहिली. महिन्यातून एका रविवारी ती भावाला भेटायला जायची. फळं न्यायची, चहा घ्यायची, आणि अंधार पडायच्या आत निघायची.

“कुणी बोलावलं नाही, वहिनी,” ती म्हणाली. “पड तू.”

वहिनी पडली. नणंदेनं तिच्या पायातला दुसरा बूट काढला आणि ती खाली गेली.

“बाई, निदान संध्याकाळची बोट तरी चुकवू नका,” गाइड म्हणाला. “इथला सूर्यास्त बघायला लोक कुठून कुठून येतात.”

“येत असतील,” नणंद म्हणाली. “आम्ही झोपायला आलोय.”

दुपारभर ती खुर्चीत बसून होती. कुणी दार वाजवायला आलं की आधीच उठून दार किलकिलं करायची आणि हातानंच नको म्हणायची. वहिनी हलली नाही.

संध्याकाळी काठावर गर्दी झाली. सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे. दोन डोंगरांच्या मधे सूर्य आला आणि अख्खं तळं पेटलं. पाण्यावरून उसळलेला उजेड खोलीत शिरला, भिंतीवरून सरकत सरकत वहिनीच्या पापण्यांवर आला.

नणंद उठली. कड्या वाजू नयेत म्हणून पडदा दोन्ही हातांनी धरून, हळूहळू, तिनं तो पुरता ओढून घेतला.