फोनमधला कारखाना

लिंबायतमधला कापडाचा कारखाना बंद पडून आठ दिवस झाले होते, पण भटूने गावी बायकोला काही कळू दिलं नव्हतं. नवा फोन त्याच्या मदतीला होता. खोलीच्या भिंतीऐवजी मागे चालते माग दिसायचे, त्यांचा खडखडाटही हवा तेवढा लावता यायचा, आणि एवढ्या आवाजातही त्याचा शब्द न् शब्द पलीकडे स्पष्ट पोचायचा. आजही त्याने नेहमीच्या वेळी, भर दुपारी व्हिडिओ कॉल लावला.

"जेवलात का?" कोकिळाने विचारलं.

"आत्ताच डबा खाल्ला. काम जोरात चाललंय बघ."

"इतकी वर्षं तुम्ही कारखान्यातून व्हिडिओ कॉल करता, पण त्या खडखडाटात कधी तोंड उघडलं नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "जेवलो, बरा आहे, पोरं कशी आहेत, सगळं हातांच्या खुणांनीच. मीही तसंच बोलायला शिकले. आणि आता आठ दिवस झाले, तुम्ही नुसतं तोंडाने बोलताय. घरी या. बघू काय ते."

भटूने हातानेच सांगितलं, येतो.