बिटाची कोशिंबीर

माझ्या सासूबाई, ओतिलिया, हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी लाल झाली.

"नाताळची बिटाची कोशिंबीर गं, सूनबाई. घरोघरी खातात, आज अख्ख्या पुएब्ला शहरात सगळ्यांचीच लाल असणार."

"आई, यंदा कोशिंबीर मी केली होती. तुम्ही तिला बोटसुद्धा लावलं नाहीत."

मी त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

"गोळीनं रक्त फारच पातळ झालंय, मूत्रपिंडात रक्त उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आणलंत म्हणून मूत्रपिंडं वाचली."

सासूबाईंनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "ही माझी सून, सित्लाली. माझ्या ताटावर हिचं बारीक लक्ष असतं."

हेच वाक्य त्या इतकी वर्षं शेजारणींना सांगायच्या, पण नाक मुरडून.